आवणी वेळेवर, पाणी शेवटपर्यंत

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या पाण्याची अडचण दोन टोकांची आहे. जुलैमध्ये खाचरातले पाणी बाहेर कसे काढावे, ही चिंता असते. सप्टेंबरच्या अखेरीस पोटरीतून लोंबी बाहेर पडू लागते, तेव्हा आभाळाकडे डोळे लागतात. पाऊस वर्षाच्या बेरजेत भरपूर दिसतो, तरीही दाणा पोचट निघतो. याचे उत्तर बरेचदा 'पाऊस लवकर गेला' असे दिले जाते. ते खरेही असते. पण पाऊस जाताना पीक कोणत्या अवस्थेत असावे, मुळे किती खोल गेलेली असावीत आणि चुडात, म्हणजे एका जागी लावलेल्या काड्यांच्या झुपक्यात, फुटवे किती असावेत, या तिन्ही गोष्टी जून-जुलैत ठरलेल्या असतात. रोप कधी टाकले, किती दिवसांचे उपटले, किती अंतरावर आणि किती काड्यांनी लावले, यावर पुढचे उत्पादन आणि पाण्याची गरज अवलंबून राहते. हे कसे घडते आणि या दोन तालुक्यांत कोणती पद्धत कुठे उपयोगी पडेल, ते क्रमाने पाहू.

दोन तालुके, दोन प्रकारचा पाऊस

या तालुक्यांचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचावा लागतो. घाटघर, अंजनावळे, हातवीज, आंबे, इंगळून ही जुन्नरची गावे आणि आहुपे, पिंपरगणे, असाणे, तिरपाड, तेरुंगण ही आंबेगावची गावे सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहेत. इथे पावसाळ्यात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकत नारायणगाव, मंचरच्या बाजूला आलो की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि भाताची जागा कांदा, टोमॅटो, द्राक्षे, ऊस घेतात.

पश्चिमेकडे महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबांची वस्ती आहे. भात हे त्यांचे मुख्य पीक, जोडीला उतारावर नाचणी-वरई आणि जंगलातला हिरडा. कुकडी, मीना, घोड या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. त्यांच्या खोऱ्यांतील माणिकडोह, वडज, डिंभे, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही धरणे कुकडी प्रकल्पाचा भाग आहेत. प्रकल्पाचे पाणी पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. धरणांच्या वर असलेल्या भातखाचरांना मात्र कालवा नाही. पाणी उपसायची सोय नसेल, तर समोर फुगवटा दिसत असूनही पीक पूर्णपणे पावसावरच उभे राहते.

म्हणून इथे 'पाणी वाचवणे' या शब्दांचा अर्थ पंजाब किंवा कालव्याखालच्या भातशेतीपेक्षा वेगळा आहे. इथे पंपाचे तास वाचवायचे नाहीत. पडलेल्या पावसावर पीक वेळेत उभे करायचे आणि शेवटचा पाऊस दाणा भरेपर्यंत पुरवायचा, एवढे साधायचे आहे.

खाचरातले पाणी जाते कुठे?

पाण्याचा हिशोब गुंठ्यात मांडला की डोळ्यांसमोर येतो. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर. खाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभे असेल तर त्या गुंठ्यावर पाच हजार लिटर पाणी आहे.

आशियातील सखल भातशेतीत पूर्ण हंगामात साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले १५० ते २५० मिलिमीटर एकट्या चिखलणीला जाते, म्हणजे गुंठ्याला १५ ते २५ हजार लिटर. पिकाच्या पानांतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून रोज चार-पाच मिलिमीटर उडून जाते. उरलेले जमिनीत मुरते किंवा बांधातून झिरपते. भारी चिकण जमिनीत हे मुरणे दिवसाला एक ते पाच मिलिमीटर असते. रेताड, मुरमाड जमिनीत ते पंचवीस-तीस मिलिमीटरपर्यंत जाते. एक किलो साळ पिकवायला सरासरी २,५०० लिटर पाणी शेतात यावे लागते असे सांगितले जाते, पण प्रत्यक्ष पिकाच्या उपयोगी पडते ते यापेक्षा बरेच कमी.

यावरून दोन गोष्टी कळतात. भाताला पाण्यात उभे राहण्याची सवय आहे, पण सतत खोल पाण्याची गरज नाही. उभे पाणी मुख्यतः तण दाबते आणि पुढच्या कोरड्या दिवसांची बेगमी करते. दुसरे म्हणजे उडणाऱ्या पाण्यापेक्षा मुरणाऱ्या आणि झिरपणाऱ्या पाण्याचा फरक फार मोठा आहे. तो कमी करणे शेतकऱ्याच्या हातात असते.

दाण्यांचा हिशोब फुटव्यापासून

समजा एका चौरस मीटरमध्ये २५ चूड आहेत, प्रत्येक चुडाला १० लोंब्या आल्या, प्रत्येक लोंबीत ८० दाणे भरले आणि हजार दाण्यांचे वजन २२ ग्रॅम आहे. मग चौरस मीटरला ४४० ग्रॅम, गुंठ्याला सुमारे ४४ किलो आणि एकरी साडेसतरा क्विंटलच्या वर साळ मिळते. हेच चूड पाच लोंब्यांवर थांबले, तर सगळे निम्मे होते.

लोंबीत किती दाणे येतील हे वाणावर आणि अन्नपुरवठ्यावर ठरते. दाणे भरतील की पोचट राहतील हे फुलोऱ्यातल्या पाण्यावर ठरते. चुडाला लोंब्या किती, हे मात्र आवणीवर ठरते. भाताच्या मुख्य काडीला चौथे पान येण्याच्या सुमारास पहिला फुटवा निघतो. त्यानंतर ठरावीक अंतराने फुटव्याला फुटवे येत जातात. रोप या काळात वाफ्यातच दाटीत उभे राहिले, तर सुरुवातीचे सर्वांत जोमदार फुटवे निघतच नाहीत. निघाले तरी उपटताना मुळे तुटतात आणि रोप सावरण्यात आठ-दहा दिवस जातात. उशिरा आलेल्या फुटव्यांना लोंबी धरली तरी ती लहान असते आणि इतरांबरोबर पिकत नाही.

रोपवाटिका : राब आणि गादीवाफा

सह्याद्रीत रोपासाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचून ते जाळायचे आणि पावसाच्या तोंडावर त्या जागेवर बी फेकायचे. राबाचे फायदे खरे आहेत. तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते आणि रोप सहज उपटता येते. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, खत होऊ शकणारा पाला व शेण जळून जाते आणि रोप सपाट जागेवर दाट उगवते. मोठा पाऊस आला की अशा वाफ्यात पाणी साचते.

गादीवाफा हा याला चांगला पर्याय आहे. एक मीटर रुंद, दहा-पंधरा सेंटिमीटर उंच आणि सोयीप्रमाणे लांब वाफा, दोन्ही बाजूंना पाणी जायला चर. वाफ्याच्या मातीत कुजलेले शेणखत आणि भातगिरणीतल्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मिसळायची. बी फेकण्याऐवजी ओळीत पातळ पेरायचे.

पेरण्याआधी मिठाच्या पाण्याची परीक्षा चुकवू नये. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ढवळायचे. वर तरंगणारे पोचट बी काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. या कामाला थोडे मीठ आणि एक सकाळ लागते. त्यातून एकसारख्या ताकदीची रोपे मिळतात.

एक हेक्टर आवणीसाठी नेहमीच्या पद्धतीत दहा गुंठे रोपवाटिका लागते. आवण्या लांबतात त्या वर्षी रोपे म्हातारी होतात, म्हणून सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकले, तर पाऊस दगा देतो तेव्हा कोवळे रोप हाताशी राहते. पावसावरच्या शेतकऱ्यासाठी हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

रोपाचे वय आणि पावसाचे पंचांग

हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, वाणाचे रोप साधारण २१ दिवसांचे, मधल्या मुदतीच्या निमगरव्याचे २३ ते २५ आणि उशिरा येणाऱ्या गरव्याचे २५ ते ३० दिवसांचे लावावे. प्रत्यक्षात चिखलणीपुरता पाऊस न झाल्याने, बैल किंवा पॉवर टिलर वेळेवर न मिळाल्याने किंवा सावडीची, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबणारी, माणसे दुसऱ्याच्या शेतावर गुंतल्याने रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे होते.

याचा परिणाम शेवटी पाण्यावर येतो. या भागात आवडीने लावला जाणारा इंद्रायणी वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला. तो साधारण १३५ ते १४० दिवस घेतो. मृगाच्या सुरुवातीला पेरला, तर उत्तरा नक्षत्राच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तो फुलोऱ्यावर येतो आणि हस्ताचा पाऊस दाणा भरायला मिळतो. पेरणी किंवा आवणी पंधरा दिवस मागे गेली की फुलोरा हस्तात आणि दाणा भरण्याचा काळ चित्रात जातो. तेव्हा पाऊस मिळण्याची खात्री नसते. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर पाण्याचा ताण पडला, तर वांझ दाण्यांचे प्रमाण एकदम वाढते. नंतर कितीही पाणी दिले तरी ते दाणे भरत नाहीत.

जुलैतल्या पंधरा दिवसांच्या उशिराची किंमत ऑक्टोबरमध्ये मोजावी लागते. नवी पद्धत निवडण्याआधी घरच्या शेतीत आवणी वेळेवर येईल अशी व्यवस्था करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. उतारावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात हळवा वाण आणि खालच्या, ओल धरणाऱ्या खाचरात निमगरवा-गरवा वाण, ही जुन्या माणसांची वाटणी याच हिशोबावर उभी आहे.

मूठभर काड्या की दोन-तीन?

आवणी भरभर व्हावी आणि चूड मरू नये म्हणून एका ठिकाणी सात-आठ काड्या खोचल्या जातात. म्हाताऱ्या रोपाच्या बाबतीत त्यामागे कारणही असते, कारण त्याला फुटवे येणार नाहीत हे ठाऊक असते. कोवळ्या रोपाला मात्र ही गर्दी मारक ठरते. एकाच जागी आठ मुळांचे झुपके उन्हासाठी आणि अन्नासाठी एकमेकांशी झगडतात. बाहेरच्या काड्या फुटतात, आतल्या तशाच बारीक राहतात.

दोन-तीन काड्यांनी लावले तर बियाण्याची बचत ओघाने येते. चौरस मीटरला २५ चूड आणि चुडाला दोन काड्या धरल्या, तर एकरी दोन लाख रोपे लागतात. हजार दाण्यांचे वजन २२ ग्रॅम धरले तर हे साडेचार किलोच्या आसपास बी झाले. उगवण न होणारे, वाफ्यात मरणारे आणि निवडून टाकायचे बी धरून आठ-दहा किलो पुरे होते. नेहमी हेक्टरी ४० किलोच्या पुढे, म्हणजे एकरी १६ किलोहून अधिक बी टाकले जाते. ते फुकट जाते.

रोप वरवर, दोन-तीन सेंटिमीटर खोल आणि सरळ लावावे. खोल खोचलेल्या रोपाचा फुटव्याचा सांधा चिखलाखाली जातो आणि फुटवा आठवडाभर मागे पडतो.

चारसूत्री : जोरदार पावसाच्या गावांसाठी

आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात कृषी विभागाने बरीच पोहोचवली. तिची चार सूत्रे अशी :

पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा पुन्हा वापर. रोपवाटिकेत तुसाची राख आणि चिखलणीच्या वेळी गुंठ्याला वीस किलो पेंढा गाडायचा. तुसाच्या राखेत सिलिका मोठ्या प्रमाणात असते, पेंढ्यात पालाश. सिलिकाने काडी ताठ होते, पीक लोळत नाही आणि करपा व खोडकिडीला जोर धरता येत नाही. घरात बैल असतील तर पेंढ्याला पहिला हक्क त्यांचा. तेव्हा निदान राखेचा भाग तरी पाळावा.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला. आवणीच्या आधी आठवडाभर गुंठ्याला तीस किलो पाला चिखलात गाडायचा. गिरिपुष्प बांधावर लावता येते, जनावरे ते सहसा खात नाहीत आणि छाटल्यावर पुन्हा फुटते. यातून हेक्टरी दहा-पंधरा किलो सेंद्रिय नत्र मिळते.

तिसरे सूत्र नियंत्रित आवणी. खुणा केलेल्या दोरीवर २५-१५-२५-१५ सेंटिमीटर अंतराने जोड ओळी लावायच्या, दोन्ही दिशांना तेच अंतर. दोन-तीन काड्यांचे चार चूड मिळून १५ सेंटिमीटरचा छोटा चौकोन तयार होतो. दोन चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची वाट राहते, तिथून बेणणी करता येते आणि हवा-उजेड आत जातो.

चौथे सूत्र ब्रिकेटचे. युरिया आणि डीएपी ६० : ४० प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी आवणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल हाताने खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे १६९ किलोच्या आसपास. एकरी हा आकडा २५ हजार गोळ्या आणि ६८ किलो होतो.

या चौथ्या सूत्राचा पाण्याशी थेट संबंध आहे. उभ्या पाण्यात युरिया फेकला की त्यातले बरेच नत्र वायू होऊन उडते आणि बरेच वाहून जाते. पश्चिमेकडच्या खाचरांत पाणी एका बांधावरून दुसऱ्यावर, तिथून ओढ्यात आणि शेवटी धरणात उतरते. फेकलेले खतही त्याच वाटेने जाते. गोळी चिखलात खोल असल्याने पाणी वाहत राहिले तरी नत्र मुळांपाशी हळूहळू सुटत राहते. हेक्टरी शंभर किलो नत्राच्या नेहमीच्या शिफारशीऐवजी सत्तावन-अठ्ठावन किलोंवर पीक निघते. जिथे जुलैत पाणी थोपवून धरता येत नाही तिथे ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे, असे मला वाटते.

श्री पद्धत : ताकद आणि मर्यादा

मादागास्करमध्ये फ्रेंच धर्मगुरू आंरी द लोलानिए यांनी १९८३ मध्ये जी पद्धत बसवली ती 'एसआरआय' किंवा आपल्याकडे 'श्री' नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे नॉर्मन अपहॉफ यांनी ती जगभर पोहोचवली. आठ ते बारा दिवसांचे, दोन पानांचे रोप, मुळाशी मातीसह अलगद उचलून एकेक काडी २५ बाय २५ सेंटिमीटरवर लावायची. हेक्टरी पाच-सहा किलो बी पुरते. उभे पाणी न ठेवता जमीन ओली ठेवायची, मधूनमधून सुकू द्यायची आणि दर दहा-बारा दिवसांनी कोनोवीडर हे हाताने ढकलायचे अवजार फिरवून तण चिखलात गाडायचे.

या पद्धतीमागचा तर्क पक्का आहे. सतत पाण्यात राहिलेल्या भाताची बरीच मुळे फुलोऱ्यापर्यंत काळी पडून मरतात. अधूनमधून हवा मिळालेली मुळे पांढरी आणि खोल राहतात, ती पाऊस थांबल्यावरही खालची ओल ओढतात. मात्र या पद्धतीच्या विक्रमी उत्पादनाच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला आणि नियंत्रित तुलनांमध्ये वाढ दाव्यांइतकी सगळीकडे दिसली नाही. बी, पाणी आणि खतातली बचत यांविषयी मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

आहुपे किंवा घाटघरसारख्या गावात दहा दिवसांचे चार बोटांचे रोप जुलैच्या धुवाधार पावसात खाचरात लावणे धोक्याचे आहे. ते बुडते किंवा वाहून जाते. धरणाच्या फुगवट्यालगतच्या, पाणी काढता-घेता येणाऱ्या शेतात किंवा तुलनेने कमी पावसाच्या आपटाळे, घोडेगावच्या बाजूला श्री पद्धत चालू शकते. घाटमाथ्यावर तिच्यातले तत्त्व तेवढे घ्यावे : रोप शक्य तितके कोवळे, काड्या कमी, अंतर मोकळे, पाणी उथळ.

चिखलणीशिवाय भात

रायगडच्या कर्जत तालुक्यातील नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र वेगळी दिशा दाखवते. त्यात चिखलणी नाही, आवणी नाही आणि पहिल्यांदा केलेले गादीवाफे पुढे वर्षानुवर्षे नांगरायचेही नाहीत. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा घ्यायचा.

चिखलणीचे गुंठ्यामागे १५ ते २५ हजार लिटर पाणी इथे वाचते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिखलणीपुरता मोठा पाऊस होण्याची वाट पाहावी लागत नाही आणि रोप म्हातारे होण्याचा प्रश्नच उरत नाही. न उखडलेल्या जमिनीत गांडुळे वाढतात आणि भातानंतरच्या कडधान्याला ओल मिळते. तणाचा बंदोबस्त ही त्याची अवघड बाजू आहे. उभे पाणी नसल्याने सुरुवातीला तणनाशकावर भर राहतो. पाणी साचणाऱ्या खालच्या खाचरात टोकलेले बी कुजण्याची भीती असते. पाणी न थांबणाऱ्या वरच्या खाचरांत, जिथे आवणी नेहमीच उशिरा होते, तिथे हे तंत्र थोड्या जागेवर करून पाहण्यासारखे आहे.

पाण्याची उंची ठरवायची बांधाच्या तोंडाने

पाणी देता येत असेल तर 'ओले-कोरडे' पद्धत वापरावी. तीस सेंटिमीटरची एक नळी घेऊन तिच्या खालच्या निम्म्या भागाला छिद्रे पाडायची आणि तो भाग चिखलात गाडायचा. नळीतले पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेले की पाणी द्यायचे, त्याआधी नाही. फुलोऱ्याच्या पंधरवड्यात मात्र पाच सेंटिमीटर पाणी कायम ठेवायचे. यातून पाण्यात तीस टक्क्यांपर्यंत बचत होते आणि सतत बुडालेल्या खाचरातून बाहेर पडणारा मिथेन वायूही बराच कमी होतो.

पावसावरच्या खाचरात हेच काम बांधाच्या तोंडाने करता येते. आवणीपासून फुटव्यांच्या काळापर्यंत पाणी जाण्याचे तोंड खाली, अडीच ते पाच सेंटिमीटरवर ठेवावे. म्हणजे जादा पाणी निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. पोटरी धरू लागली की तेच तोंड मातीने उचलून पाच ते दहा सेंटिमीटर करावे. आता येणारा प्रत्येक पाऊस शेतातच थांबतो. पोटरीपर्यंत उथळ आणि त्यानंतर खोल, हा क्रम आपल्याकडे बरेचदा उलटा होतो. कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी काढून टाकावे, म्हणजे दाणा सारखा पिकतो आणि हरभऱ्याला वाफसा लवकर येतो.

बांध नीट, तर पाणी नीट

लागवड कितीही चांगली असली तरी बांध गळका असेल तर पाणी टिकत नाही. खेकड्यांची बिळे चिखलणीच्या आधी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये शोधून बुजवावीत. बांधाची आतली बाजू चिखलाने लिंपावी. खाचराचा तळ सपाट नसेल तर एका कोपऱ्यात रोप बुडते आणि दुसऱ्यात सुकते, मग पाणी सगळीकडे पोहोचवण्यासाठी ते गरजेपेक्षा खोल ठेवावे लागते.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी गावांत डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने खाचर काढण्याची पडकईची परंपरा आहे. शाश्वत संस्थेने ती उचलून धरली आणि पुढे शासनानेही पडकईसाठी योजना आखली. वरईच्या उतारावर भाताचे खाचर तयार झाले की कुटुंबाच्या घरात धान्याचे महिने वाढतात. म्हणून या कामाचे मोल फार आहे.

त्याचबरोबर आंबेगावातील माळीण विसरता येणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची मोठी चर्चा झाली. खाचर पाणी धरते, म्हणजे ते डोंगरात पाणी मुरवतेही. म्हणून तीव्र उतार आणि घरांच्या वरची जागा टाळावी, दगडी बांध घालावा आणि जादा पाण्याला ओढ्यापर्यंत पक्की वाट करून द्यावी. हाताने, टप्प्याटप्प्याने केलेल्या पडकईत ही काळजी आपोआप घेतली जाई. यंत्र वापरताना ती ठरवून घ्यावी लागेल.

कोणत्या खाचराला कोणती पद्धत

घाटमाथ्याजवळ, पाणी वाहते असलेल्या खाचरात : गादीवाफ्यावरचे २१ ते २५ दिवसांचे रोप, चारसूत्री अंतर, दोन-तीन काड्या आणि ब्रिकेट.

उतारावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात : हळवा वाण. आवणी दरवर्षी लांबत असेल तर काही वाफ्यांवर टोकण.

पाणी काढण्या-देण्याची सोय असलेल्या, कमी पावसाच्या बाजूच्या शेतात : आठ ते बारा दिवसांचे रोप, २५ बाय २५ अंतर, कोनोवीडर आणि ओले-कोरडे पाणी.

खालच्या, ओल धरणाऱ्या खाचरात : इंद्रायणीसारखा निमगरवा-गरवा वाण, दोन टप्प्यांत टाकलेले रोप आणि पोटरीपासून उंच केलेले बांधाचे तोंड.

मजुरीचा प्रश्न

दोरीवरची आवणी पहिल्या वर्षी हळू होते, हे मान्य करायला हवे. वाकून आवणी करतात त्या बहुतेक बाया आणि वाढलेल्या वेळेचा भार त्यांच्याच पाठीवर येतो. दोरी धरायला दोन माणसे वेगळी लागतात, ब्रिकेट खोचायला आणखी दोन. पण काड्या कमी लागत असल्याने रोप उपटण्याचे आणि मुठी वाहून नेण्याचे काम घटते. ओळी सरळ असल्याने बेणणीही सोपी होते. सावडीच्या गटातल्या सगळ्यांनी एकाच हंगामात पद्धत बदलली तर हात लवकर बसतो. एकट्या घराने बदलली तर गटाची गाडी अडते. म्हणून प्रशिक्षण एका शेतकऱ्याला देण्यापेक्षा सावडीच्या गटाला द्यावे, आणि त्यात आवणी करणाऱ्या बायांना आधी बोलवावे.

ब्रिकेट, दोरी, कोनोवीडर आणि वाणाचे शुद्ध बी मे महिन्यात गावात पोहोचले पाहिजे. जुलैच्या मध्यावर आलेली गोळी पुढच्या वर्षीपर्यंत ओल धरून फुटते. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग आणि घोडेगावचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्या कामाची वेळ पावसाच्या आधी जुळली, तर पद्धतीपेक्षा मोठा अडथळा दूर होईल.

आपल्याच खाचरात पडताळा घ्या

कोणत्याही पद्धतीवर विश्वास ठेवायला दुसऱ्याचे आकडे पुरत नाहीत. शेजारशेजारची, सारख्या मातीची दोन खाचरे निवडावीत. एकात नेहमीसारखी आवणी, दुसऱ्यात वेळेवर, दोरीवर, दोन-तीन काड्यांनी. दोन्हीकडे वाण आणि बी टाकण्याचा दिवस एकच. कापणीच्या वेळी दोन्हींतल्या प्रत्येकी चार ठिकाणच्या एकेक चौरस मीटरची साळ वेगवेगळी झोडून, वाळवून तोलावी. त्याचबरोबर वापरलेले बी, खत, मजुरीचे दिवस आणि सप्टेंबरनंतर खाचर किती दिवस ओले राहिले तेही लिहून ठेवावे. एकाच शेतकऱ्याची एका वर्षाची अशी वही फारसे सांगणार नाही. पण एका वाडीतल्या दहा घरांनी तीन वर्षे लिहिलेल्या वह्या एकत्र वाचल्या, तर जुन्नरच्या हातवीजला काय चालते आणि आंबेगावच्या फुलवड्याला काय, हे गावाला स्वतःच्या आकड्यांतून कळेल. मग वेळेवर बी आणि ब्रिकेट मागताना ग्रामसभेच्या हातात पुरावा असेल.